डोळ्यातली नळी आणि पावसाळ्यातला लाल डोळा : माझा अनुभव

काचबिंदूसाठी माझ्या उजव्या डोळ्यात अहमद व्हॉल्व्ह बसवून काही वर्षं झाली होती. म्हणजे सिलिकॉनची बारीक नळी, एक टोक डोळ्याच्या पुढच्या भागात, दुसरं वरच्या पापणीआड प्लेटला, टाकीच्या ओव्हरफ्लोसारखं आतलं जास्तीचं पाणी तिकडे जातं. डोळ्यातलं प्रेशर मस्त होतं, डोळ्यात काही आहे हेच विसरलो होतो.

मग पावसाळ्यात डोळा लाल झाला. तेव्हा नागपुरात घरोघरी डोळे आलेले, म्हणून सगळे तेच म्हणून राहिले, मेडिकलवाल्याने तर न विचारता ड्रॉप्स काढून ठेवले. पण माझा डोळा चिकटत कमी अन् ठणकत जास्त होता, आणि समोरचं कॅलेंडर धुरकट दिसायला लागलं. बायकोने सरळ धंतोलीत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथेही डोळे आलेल्यांच्या बाकावर बसवत होते, ती म्हणाली, "ताई, यांच्या डोळ्यात नळी आहे", तेव्हा कुठे लगेच आत घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, नळी उघडी पडलीय." ऑपरेशनच्या वेळी नळीवर दान मिळालेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा तुकडा लावला होता, तो विरत गेला, वरचा पातळ पडदाही फाटला, आणि जंतूंना थेट आत रस्ता. बुबुळापुढे खाली पू साचलेला. मागचं दिसेना म्हणून डोळ्याची सोनोग्राफी. निदान एंडोफ्थाल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग.

रेटिनावाल्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) डॉक्टरांनी त्याच दिवशी डोळ्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघायला काढलं आणि रिपोर्टची वाट न बघता डोळ्याच्या आतच व्हँकोमायसिन अन् सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिक्सची इंजेक्शनं दिली, नुसते ड्रॉप्स तिथपर्यंत पुरेसे पोचत नाहीत म्हणे. सुन्न करतात, तरी दाब जाणवतो, खोटं कशाला सांगू.

मी विचारलं, नळी परत झाकता नाही येणार का? तर म्हणे नुसती उघडी असती तर झाकली असती, पण आता जंतू नळीला चिकटून बसले असतील. नळी काढली. पू गेला, नजर बरीच परतली, पूर्ण नाही. प्रेशर मात्र चढलं. ते उतरवायच्या डायमॉक्सच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात आणि सोडा एकदम बेचव लागतो, हे कोणी आधी सांगत नाही.

आता डॉक्टर प्रेशरसाठी लेझरचं म्हणून राहिले. मी म्हणतो दिवाळीनंतर, बायको म्हणते आधीच.