ताकायामा ते कानाझावा बसने, मधे शिराकावागो : माझा अनुभव

जपानला जायचं ठरलं तेव्हा मला एक दिवस तरी शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन सोडून डोंगरातनं जायचं होतं. शोधता शोधता हा रूट सापडला, ताकायामाहून बस, मधे शिराकावागो गावात उतरायचं, काही तास फिरायचं आणि दुसऱ्या बसने कानाझावा. बरोबर आई आणि मावशी, दोघी सत्तरीच्या आसपास, त्यामुळे धावपळ नको होती.

आधी बुकिंगचं सांगते कारण सगळा घोळ तिथेच होतो. या रूटवर काही बस रिझर्वेशनच्या असतात आणि काही बिनारिझर्वेशनच्या, म्हणजे रांगेत उभं राहा आणि जागा असेल तर चढा. बुकिंग साधारण महिनाभर आधी उघडतं. आणि तिकीट दोन तुकड्यांत काढायचं, ताकायामा ते शिराकावागो वेगळं, शिराकावागो ते कानाझावा वेगळं. मी दुसरं तिकीट आधी काढलं, कारण पहिल्या तुकड्याला बस जास्त आहेत, पण दुपारी गावातून कानाझावाकडे निघायला सगळे एकदम येतात आणि त्याच सीट आधी संपतात. ते एकदा हातात आलं की मग मागे हिशेब करत सकाळची बस ठरवायची. गावात चार तास ठेवा. तीनमध्ये धाप लागते, पाच झाले की मंडळी बसायला जागा शोधतात.

सामानाचं म्हणाल तर मोठ्या बॅगा आम्ही आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवरून कुरिअरने थेट कानाझावाच्या हॉटेलला पाठवल्या. जपानमध्ये ही सोय इतकी सवयीची आहे की रिसेप्शनवाल्याने फॉर्म आमच्याकडून घेऊन स्वतःच भरला. बॅगा साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात, म्हणून रात्रीपुरते कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये. ज्यांना पाठवायच्या नसतील त्यांच्यासाठी शिराकावागोच्या बस टर्मिनलवर लॉकर आहेत, पण सीझनमध्ये सकाळीच भरतात, आणि 100 येनची नाणी लागतात ती जवळ ठेवा.

ताकायामाला सकाळी नदीकाठचा बाजार बघून घेतला. तिथे तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला लावून भाजतात आणि वर सोया सॉस, गोड नाही, चक्क खारट, आईला तेच आवडले. बस सुटते रेल्वे स्टेशनच्या शेजारच्याच बस स्टँडवरून, त्यामुळे चालायला काही नाही.

आता बसच्या रस्त्याबद्दल खरं सांगू का, लोक याला निसर्गरम्य म्हणतात आणि तो आहेच, पण बराच भाग बोगद्यांतून जातो. शिराकावागोच्या अलीकडचा हिदा बोगदा तर 10.7 किलोमीटरचा आहे, 2008 मध्ये उघडला. तोवर इथल्या लोकांना घाटवळणांतून डोंगर पार करावा लागायचा, आता ताकायामाहून पन्नासेक मिनिटांत गाव येतं. बोगद्यातून बाहेर आलो की दोन्ही बाजूला नोव्हेंबरातले लाल-पिवळे डोंगर, खाली नदी, आणि मोबाईल काढेपर्यंत पुन्हा अंधार. मावशीने शेवटी मोबाईल पर्समध्ये टाकला आणि नुसती खिडकीला नाक लावून बसली, तेच शहाणपणाचं.

शिराकावागोतलं ओगिमाची, म्हणजे आपण उतरतो तेच गाव, 1995 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि शेजारच्या गोकायामातली दोन गावंसुद्धा. इथली घरं पेंढ्याच्या छपरांची, छपरं इतकी उभी उतरती की बर्फ साचून राहू नये. वादा घराण्याचं जुनं घर आतून बघता येतं, तिकीट काढून, चपला बाहेर. वरच्या माळ्यावर गेलो तर तुळया धुराने काळ्याकुट्ट आणि प्रत्येक सांध्याला दोरी गुंडाळून घट्ट गाठ, छपराच्या सांगाड्यात एक खिळा नाही. खाली चूल पेटती ठेवायचे, तिचा धूर वर जाऊन पेंढ्याला कीड लागू देत नाही. आणि या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळायचे.

आई कोकणातली. तिने छपराकडे बघून पहिलाच प्रश्न टाकला, "हे शाकारतात कधी गं? आमच्याकडे पावसाआधी दरवर्षी असायचं." इथे एकदा शाकारलं की तीस-चाळीस वर्षं जातात. आणि मग परंपरेने एका घराचं छप्पर सगळं गाव मिळून बदलतं, आज तुझं उद्या माझं. आई म्हणाली, "म्हणजे आपली इर्जिकच की."

मला स्वतःला जास्त मजा वेगळ्याच गोष्टीत वाटली. रेशीमकिड्यांची विष्ठा, माती, गवत असं सगळं घराच्या फरशीखाली वर्षानुवर्षं कुजवून त्यातून बंदुकीच्या दारूसाठी सोरा काढायचे. गोकायामातला सोरा जायचा कानाझावाच्या माएदा घराण्याकडे. म्हणजे पुढच्या बसने जिथे उतरणार, तिथल्या सरदारांच्या बंदुकांच्या दारूचा सोरा या आडबाजूच्या गावांत तयार व्हायचा. हे आधी माहीत असेल तर संध्याकाळी कानाझावाचा किल्ला बघताना मजा येते.

जेवण. शाकाहारी असाल तर नूडल्सच्या रश्श्यात माशाचा अर्क असतोच, विचारून फारसं काही हाती लागत नाही. आम्ही दशम्या आणि कोरडी चटणी नेली होती. पण गावात कचराकुंड्या नाहीत, कागद-पिशव्या सगळं आपल्या सॅकमध्ये परत न्यायचं. वरून गावाचा फोटो काढायचा पॉइंट आहे तिथे चढण आहे, गुडघे कुरकुरत असतील तर वादा घराजवळून शटल बस जाते, आम्ही तीच घेतली.

दुपारी टर्मिनलवर वीस मिनिटं आधी पोचलो. बिनारिझर्वेशनच्या रांगेतलं एक जोडपं बस भरल्यामुळे मागे राहिलं, पुढची बस कधी आहे हे बघत उभे होते बिचारे. आमची बस वेळेवर सुटली आणि सव्वा-दीड तासात कानाझावा स्टेशनवर उतरलो.

पासचं शेवटी सांगते, कारण खूप जण विचारतात. नेहमीचा जपान रेल पास या बसला चालत नाही. ताकायामा-होकुरिकू नावाचा वेगळा पास आहे त्यात ही बस येते, पण पास हातात असला तरी रिझर्वेशनच्या बसची सीट वेगळी बुक करावीच लागते.