कुठून शिकलीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलंय. लग्नाच्या पंगतीत, डॉक्टरच्या बाकड्यावर, हिंगण्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी तर तोंडावर. ‘ताई, हे वेबसाइटचं तुम्ही कुठून शिकल्या?’ बी.कॉम. म्हटलं की दुसरा प्रश्न तयारच असतो. ‘मग नेमकं काय येतं तुम्हाला?’

पूर्वी मी यादी म्हणून दाखवायचे. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीएचपी, मायएसक्यूएल, थोडं पायथन, शिवाय लोगो आणि छपाई. 2013 साली छापलेल्या माझ्या कार्डावर ‘संपूर्ण वेब सोल्युशन्स’ असं होतं. खाली एकटीचाच मोबाइल नंबर. ते कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला दाखवत नाही.

खरं सांगायचं तर मी काहीच ठरवून शिकले नाही. नागपूरच्या महाल भागातल्या काकांच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायच्या, दुकानात जुन्या फॉन्टमधला मजकूर होता, तो इंटरनेटवर टाकला की नुसती कचराकुंडी दिसायची. म्हणून तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीत, आणणारा कन्व्हर्टर लिहायला घेतला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या मागे जाऊन बसते. रफाराचं याच्या उलट. या दोन वाक्यांसाठी माझे चार महिने गेले. ‘लक्ष्मी’ डोळ्यांना दोन अक्षरं दिसते, वेबपानाच्या जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर ते आतला प्रत्येक तुकडा वेगळा मोजून 7 सांगतं, हे कळलं त्या रात्री मला कोणाला तरी फोन करून सांगायचं होतं. असं ऐकून घेणारं ओळखीत कोणी नव्हतं.

मग आईच्या भिशीचा हिशेब. त्यात नावं क्रमाने लावली तर काळे काकू कावळे काकूंच्या वर गेल्या. बाराखडी पाठ असलेल्या बायका, लगेच पकडलं. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी आहे, आपल्याकडे ‘ह’च्या नंतर. असंच प्रत्येक वेळी काहीतरी अडलं आणि ते सोडवण्यापुरतं शिकले. तेवढंच.

पण एकदा ज्यांनी मला हा प्रश्न विचारला, ते गंमत म्हणून विचारत नव्हते.

शहरातल्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंगचं काम माझ्याकडे होतं. रजिस्टरमधली जुनी बुकिंगं मी एक्सेलमधून एकदम चढवली होती. काही महिने सगळं यादीवर चाललं. मग मॅनेजर म्हणाले, ‘ताई, कॅलेंडर द्या ना, बोट ठेवलं की तारीख.’ दिलं. लागलेली तारीख लाल, मोकळी पांढरी. मी स्वतः दहा तारखा लावून पाहिल्या. जिथे बोट ठेवलं तोच चौकोन लाल झाला. झालं काम.

2018 च्या एप्रिलमधली 22 तारीख, रविवार. अकरा दिवस आधी मॅनेजरचा फोन आला, ‘जरा येऊन जा.’ गेले तर टेबलावर दोन लग्नपत्रिका. दोन्हींवर तेच कार्यालय, तीच तारीख, तोच वार. एक कुटुंब रजिस्टरमधलं, वर्षभर आधी पैसे भरलेलं. दुसरं माझ्या कॅलेंडरमधलं. त्यातल्या मुलीचे वडील मंडपाच्या दिव्यांचं ठरवायला आले होते, हातात पिशवी तशीच.

काय झालं होतं ते मला तिथेच, त्यांच्यासमोर शोधावं लागलं. कॅलेंडरमधला प्रत्येक चौकोन म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. ती डेटाबेसकडे पाठवताना मी जी सोय वापरली होती, ती वेळ आधी ग्रीनिचच्या घड्याळात नेते. आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे 22 ची मध्यरात्र असते तेव्हा तिथे 21 ची संध्याकाळ, साडेसहा. मी त्यातली वेळ कापून फक्त तारीख ठेवत होते. 22 लावली की आत 21 जायची. आणि चौकोन रंगवताना मी तीच चूक पुन्हा केली होती, त्यामुळे 21 परत 22 च्या घरात दिसायची. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. उघडी पडली ती रजिस्टरमधली बुकिंगं, जी बरोबर होती. त्यांची 22 पडद्यावर 23 ला लाल दिसत होती, आणि 22 चा चौकोन पांढराशुभ्र.

मला कळलं तेव्हा तोंडातून ‘अच्छा!’ निघालं. कोडं सुटल्याचा आनंद असतो ना, तसं. त्या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बेटा, हे कुठून शिकली तू?’

मी म्हटलं, ‘स्वतःच.’ तोवर हा शब्द मी फार तोऱ्यात म्हणायचे.

दोन दिवस फोन करून काटोल रोडला एक लॉन मिळालं. वरचे पस्तीस हजार मी भरले, तीन हप्त्यांत. पत्रिका वाटायच्या राहिल्या होत्या त्या साडेतीनशे. नव्या पत्त्याच्या पट्ट्या मी काकांच्या दुकानात छापल्या आणि नवरीच्या भावाबरोबर दुपारी चिकटवायला बसले. एप्रिलची दुपार, आणि कूलर लावला की पट्ट्या उडत. म्हणून कूलर बंद. घामाचा थेंब पडून शाई पसरू नये म्हणून तो मुलगा दर पाच मिनिटांनी रुमालाने कपाळ पुसायचा. बोलला एकदाच. ‘पट्टी तिरपी लागली.’

माझी बाजूही ऐका. त्यानंतर मी त्या हिंगण्याकडच्या पोरांना मुद्दाम तारखेचं हेच कोडं घालत आले. पाचातल्या चौघांनी माझ्यासारखाच कोड लिहिला. जावास्क्रिप्ट 1995 साली ब्रेंडन आइकने दहा दिवसांत उभी केली, तारखेचा भाग त्या वेळच्या जावामधून उचलला. म्हणून त्यात जानेवारीचा क्रमांक आजही शून्य आहे. वेळ न चिकटवता नुसती तारीख ठेवायची सरळ सोय टेम्पोरल या नावाने ब्राउझरांत आता कुठे येते आहे. तेव्हा पदवी असती तर हे टळलं असतं, हे मला कोणी सांगू नका.

आणि तरीही टळलं असतं. कारण मला हे येत होतं.

काकांच्या दुकानात पत्रिकेचं प्रूफ वाचायला मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून बसत होते. काकांचा नियम एकच होता, नुसती तारीख वाचायची नाही. तारीख, वार आणि तिथी तिन्ही भिंतीवरच्या कालनिर्णयशी ताडायची. तारखेचा आकडा चुकला तर नुसता बघून कळत नाही, शेजारचा वार लगेच चुगली करतो. शेकडो पत्रिका मी अशा तपासल्या. आणि कार्यालयाचं बुकिंग बनवताना वार कुठेच लिहिला नाही. ‘कॉम्प्युटर चुकतो का?’ असं काहीसं डोक्यात असावं. 21 च्या शेजारी ‘शनिवार’ छापून पावती हातात पडली असती, तर त्या गृहस्थांनीच काउंटरवर म्हटलं असतं, ‘अहो, रविवार ना?’ पावतीवर तारीखच नव्हती. फक्त बुकिंग नंबर. पावती आटोपशीर दिसावी, हीसुद्धा माझीच कल्पना.

आता 2013 ची ती मुलगी, म्हणजे ते कार्ड छापणारी मीच, म्हणेल, अगं, सगळे थर तुलाच येत होते म्हणून तर दहा मिनिटांत चूक सापडली. पडदा एकाचा, सर्व्हर दुसऱ्याचा, डेटाबेस तिसऱ्याचा असता तर तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं. खरं आहे. पण तिघं असते तर एखाद्याने आधीच विचारलं असतं, ‘ही मध्यरात्र कुठली?’ एकटीला कोण विचारणार? यावर तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. पुण्याला नोकरी धरली असती तर तो ‘एखादा’ मिळाला असता, हे मला कळतं. कन्व्हर्टर मात्र झाला नसता, हेही.

सध्या माझ्या कुठल्याही कामात तारीख वाराशिवाय उमटत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, जागा खाते. खाऊ दे.

कन्व्हर्टर अजून चालू आहे. त्यात एक ओळ आहे, तिच्यावर मीच लिहून ठेवलंय, ‘का चालतं माहीत नाही, हात लावू नये.’ मागच्या आठवड्यात धीर करून ती काढून पाहिली. ‘महाराष्ट्र’ तुटला. परत ठेवली.