बटणवाला चाकू

इंदोरात नाइट ड्यूटी असली की कॅज्युअल्टीत खरी गर्दी बारानंतर, सराफा चालू असतो, पोरं बाइकवर फिरत असतात, त्यातली काही मग आमच्याकडे. त्या रात्री आधी एकजण मांडीतून रक्त गळत आला आणि थोड्याच वेळात दुसरा, हात गमछ्यात गुंडाळलेला, सोबत आई. रामबागेकडची, मराठी. मला ब्रदरशी, म्हणजे मेल नर्सशी, मराठीत बोलताना ऐकलं तशी जवळ येऊन हळूच म्हणते, "ताई, भाजी चिरताना लागलं असं लिहा ना."

आता रात्री साडेबाराला कोण भाजी चिरतं.

मांडीवाल्याची जखम वरून जेमतेम दोन सेंटीमीटर. पण वरून बघून काही कळत नाही, मांडीच्या आतल्या बाजूनं मोठी धमनी जाते, ती कापली तर माणूस काही मिनिटांत जातो, अंगात रक्त असतं सगळं मिळून पाचेक लिटर. ब्रदर दोन्ही हातांनी दाबून उभा आणि मी पावलाची नाडी शोधतेय. लागली. पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये बघितलं तर स्नायूवर निभावलं होतं. नशीब त्याचं, आणि त्याहून जास्त त्या दुसऱ्याचं, कारण चाकू दुसऱ्याचा होता.

हा दुसरा जेल रोडवर मोबाइल रिपेअरिंग करतो, आणि दुकान बंद झालं की गल्ला मालकाच्या घरी पोचवायचा तोही यानंच. मागे एकदा रस्त्यात लुटलं होतं म्हणून ऑनलाइन चाकू मागवला, बटण दाबलं की पातं बाहेर येतं तसला. तो म्हणतो माझी बॅग ओढली, मांडीवाला म्हणतो बाइकला कट लागला, थोडी बोलाचाली झाली आणि यानं एकदम काढलाच. कोण खरं ते ठरवायचं काम माझं नाही, एमएलसीत, म्हणजे पोलीस केसच्या मेडिको-लीगल नोंदीत, कोणी काय सांगितलं तेवढं लिहायचं.

गमछा सोडला तर करंगळी आणि अनामिका सरळच्या सरळ, वाकव म्हटलं तर हलेनात, टोकं बधिर. असल्या चाकूच्या मुठीला बरेचदा पुढे आडवी पट्टी नसते, वार करताना हात घामानं किंवा रक्तानं घसरतो आणि स्वतःचीच बोटं पात्यावरून जातात. बोट वाकवणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, प्रत्येक बोटात दोन, याच्या दोन्ही बोटांतल्या सगळ्या कापलेल्या. शिवल्या तरी पुढे कित्येक आठवडे स्प्लिंट, फिजिओथेरपी, आणि जोराच्या कामाला तीनेक महिने तरी नाहीच. उजवा हात, आणि काम बारीक स्क्रू काढायचं.

नंतर हवालदार सीलबंद पाकीट घेऊन आला, जखमा याच हत्यारानं होऊ शकतात का ते लिहून द्या म्हणून. आम्ही उघडून माप घेतो, चित्र काढतो, परत सील करतो. पातं चार इंचांच्या आतलं. पोरगा मला आधीच म्हणाला होता, "मॅडम, सहा इंचांच्या आत चालतो, मी व्हिडिओत पाहिलंय." अर्धवट माहिती. मध्य प्रदेशात १९७४ ची अधिसूचना आहे, पातं सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर सार्वजनिक जागी नेता येत नाही, पण बटणवाला असेल तर कितीही छोटा असो, नाहीच. म्हणजे बॅग खरंच ओढली असली तरी आर्म्स ॲक्ट लागतोच. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेत आहे, पूर्वी आयपीसीत होताच, पण गरजेपुरतीच इजा करायची, आणि रात्री गल्लीत ते माप कोण काढणार?

आमची सिस्टर म्हणाली, मग मुलींनी पण काही ठेवू नये का. मी पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवते, रात्री दोनला स्कूटरनं घरी जाते, भीती मलाही वाटते. पण स्प्रे चुकीच्या माणसावर मारला तर तो डोळे धुवून घरी जातो, चाकूचं तसं नाही. चाकू ठेवायला सरसकट परवानगी द्या म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या टेबलापाशी बसावं, मग बोलू.

आईनं मात्र विचारलं, "पोलीस येईपर्यंत त्यानं काय करायचं होतं?" बॅग सोडायची होती, असं मी म्हटलं. "मालकाला काय सांगायचं मग?" यावर मी काही बोलले नाही. मालक सकाळी आला, पोराचा हात बघायच्या आधी बॅग कुठंय विचारलं, पोलिसांत जमा आहे म्हटल्यावर तिथूनच थेट ठाण्यात गेला.