तुम्ही विचारलंत म्हणून: इतके कटकारस्थानाचे पिक्चर बघून विश्वास उडत नाही का?

हे मला बरेच जण विचारतात. सरकारी कट, वरपासून खालपर्यंत पोखरलेली यंत्रणा, मागे लागलेले एजंट, हेच सारखं बघत असता मग तुमचा कशावर विश्वास उरतो तरी का? परवा परत एकीनं विचारलं, म्हणून आज नीट लिहिते.

नाही उडत. पण का नाही ते सांगायचं तर आधी मी हे पिक्चर बघते कसे ते सांगावं लागेल. माझे बाबा ऑडिटमधे होते, आयुष्यभर फाइली वाचल्या त्यांनी. मारामारीत त्यांना काडीचा रस नव्हता, गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की ते एकच विचारायचे, "कागद आत्ता कुणाकडे आहे?" तेव्हापासून मीही तेच बघते. हीरो पळतो ते जीव वाचवायला हे खरंच, पण चांगल्या पिक्चरमधे तो त्याहून जास्त पळतो ते हातातली गोष्ट, म्हणजे टेप असो, फाइल असो, नुसतं एक नाव असो, ती योग्य माणसाच्या हातात पडेपर्यंत वेळ मिळावा म्हणून.

१९९८ चा एनिमी ऑफ द स्टेट बघितला असेल तुम्ही. पाळत ठेवायचा कायदा एक खासदार अडवून धरतो म्हणून त्याचा तळ्याकाठी खून होतो, पक्ष्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तो टिपला जातो आणि ते रेकॉर्डिंग विल स्मिथच्या खरेदीच्या पिशवीत येऊन पडतं, त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो. पहिला दीड तास जबरदस्त आहे. पण शेवटाला पुरावा राहतो बाजूला आणि वाईट माणसं एकमेकांवर गोळ्या झाडून संपतात, तिथे माझ्यासाठी पिक्चर कमी पडतो, कारण माणसं मेली म्हणून कारस्थान मरत नाही, ते उघड्यावर आलं तर मरतं. पिक्चरमधला खून ज्या एनएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या पाळत ठेवणाऱ्या गुप्तचर संस्थेच्या, माणसांनी केला, २०१३ मधे तिथेच काम केलेल्या एडवर्ड स्नोडेननं त्याच एनएसएचे कागद हाँगकाँगच्या एका हॉटेलात पत्रकारांच्या हाती दिले, एकही गोळी न झाडता, आणि त्यानं जग हललं.

माझा सगळ्यात लाडका मात्र दिग्दर्शक कोस्टा गाव्रासचा झेड, १९६९ चा, एका ग्रीक कादंबरीवरून काढलेला. (आपल्याकडचा २०१२ चा शांघाय त्याच कादंबरीवरून.) मागची खरी गोष्ट अशी की मे १९६३ मधे ग्रीसमधल्या थेसालोनिकीत ग्रिगोरिस लाम्ब्राकिस नावाचा खासदार, डॉक्टर माणूस, शांततेच्या सभेतून बाहेर पडला आणि तीनचाकी गाडीतून आलेल्यांनी त्याच्या डोक्यात दंडुका घातला, पोलीस आजूबाजूलाच होते, आणि काही दिवसात तो गेला. वरून सांगण्यात आलं की अपघात. १९६७ ला तिथे लष्करानं सत्ता घेतली, त्यामुळे पिक्चर अल्जीरियात शूट करावा लागला. आणि सुरुवातीलाच पडद्यावर येतं की खऱ्या घटनांशी, माणसांशी साम्य दिसलं तर तो योगायोग नाही, मुद्दाम केलंय!

ह्यात हीरो म्हणावा तर तपास करणारा न्यायाधीश. तरुण, चष्मेवाला, आवाज चढवत नाही. कुणाच्या बाजूचा आहे ते आधी कळतच नाही, तो फक्त एक प्रश्न विचारतो, उत्तर लिहून घेतो, पुढचा विचारतो. मग ते मोठमोठे अधिकारी छातीवर पदकं लावून एकेक करत आत येतात आणि तो सगळ्यांना तेच विचारतो, नाव, आडनाव, व्यवसाय, आणि टाइपरायटर खडखडत असतो. आरोप ऐकून ते इतके भडकलेले असतात की जाताना भलत्याच दाराची मूठ ओढत बसतात, ते दार बंद असतं. कितीही गाड्या उडवा, मला त्या टाइपरायटरइतकी धडधड कशानंच होत नाही.

आणि तरीही शेवट गोड नाही. साक्षीदार मरतात, मोठ्यांना नावापुरती शिक्षा होते, बातमी काढणारा पत्रकारच आत जातो, आणि मग हुकूमशाहीनं काय काय बंद केलं त्याची लांबच लांब यादी येते, त्यात झेड हे अक्षरसुद्धा, कारण ग्रीकमधे त्याचा अर्थ 'तो जिवंत आहे'. पण पिक्चरनंतरची गोष्ट मला जास्त धरून ठेवते. खऱ्या आयुष्यातला तो न्यायाधीश, ख्रिस्टोस सार्टझेटाकिस, त्याला त्या राजवटीनं नोकरीवरून काढलं, तुरुंगात टाकलं, आणि १९८५ ला तोच माणूस ग्रीसचा राष्ट्राध्यक्ष झाला. आता सांगा, विश्वास कसा उडेल? यंत्रणा सडली होती हे खरं, पण ते कागदावर आणणाराही त्याच यंत्रणेत खुर्चीवर बसलेला होता की.

बाबांबरोबर शेवटचा बघितला तो थ्री डेज ऑफ द कॉन्डोर, १९७५ चा, म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन ह्याच्या राजीनाम्यानंतर साधारण वर्षभरानं आलेला. रॉबर्ट रेडफोर्ड सीआयएमधे नुसती पुस्तकं वाचायचं काम करतो. सगळ्यांचं जेवण आणायला मागच्या दारानं बाहेर पडतो, परत येतो तर ऑफिसातले सगळे मेलेले. बाबांना तो फार आवडला, वाचणारा माणूस आहे म्हणाले. शेवटी तो न्यूयॉर्क टाइम्सच्या बाहेर उभा राहून आपल्या साहेबाला सांगतो की मी सगळं ह्यांना सांगून टाकलंय. साहेब विचारतो, पण ते छापतील कशावरून? आणि रेडफोर्डच्या चेहऱ्यावर चित्र थांबतं.

नावं सरकत होती, बाबा उठले नाहीत. शेवटची पाटी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "छापलं असेल का गं?"

मी म्हणाले, छापलं असेल बाबा.