पेटीत काय आहे?

नोव्हेंबर जवळ आला की मला फोन यायला लागतात. सुरुवात बहुतेक एकच असते. "ताई, यंदा मला बोलायचं काम नको हं. मागे उभं राहायचं असेल तर येते."

आमच्या ख्रिस्ती मंडळीत विश्वासासाठी छळ सोसणाऱ्यांच्या आठवणीची एक संध्याकाळ दर वर्षी होते. जगभरच्या कितीतरी मंडळ्या नोव्हेंबरातला एक रविवार या प्रार्थनेला देतात, आम्हीही त्याच रविवारी जमतो. पहिली सभा १९९९ सालची. त्या जानेवारीत ओरिसातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सगळ्यांनी वाचलं. नुसतं वाचून हळहळून गप्प बसायचं नाही, एवढंच तेव्हा ठरलं. मी तरुण संघात होते. चिटणीस व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून हजेरीची वही माझ्या हातात आली, ती अजून कोणी मागितलेली नाही.

सभेचा साचा ठरलेला आहे. प्रार्थना, गीत, शास्त्रपाठ (इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय, एका वर्षी अख्खा), स्वागत, अहवाल, अर्पण, आभार. अहवाल मीच वाचते आणि तो कोणी ऐकत नाही हे मला समोरून दिसतं.

भाषणांबद्दल खरं सांगू का? बरीचशी मला सोसत नाहीत. वक्ता जरा चढला की रोमच्या आखाड्यातले सिंह येतात, आणि सिंह आले की मी घड्याळ बघते. आवाज वाढतो, मुठी वळतात, आणि जे लोक इतके शांतपणे मेले त्यांच्यावर आपण इतकं ओरडून का बोलतो, ते मला कळत नाही. अपवाद फक्त आमच्या थोरल्या बाबांचा. त्यांचा विषय कधी बदलला नाही : स्मुर्ण्याचे बिशप पॉलिकार्प. साधारण १५५ सालची गोष्ट. ख्रिस्ताची निंदा कर, सोडतो, असं अधिकारी म्हणाला. म्हातारा उत्तरला, "शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही. माझ्या राजाची, मला तारणाऱ्याची निंदा मी कशी करू?" हे आकडे पॉलिकार्पच्या वयाचे की बाप्तिस्म्यापासूनचे, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत, हेही बाबा दर वर्षी न चुकता सांगायचे आणि मागच्या बाकावरची पोरं ते त्यांच्याबरोबर ओठांत म्हणायची. मग एका वर्षी बाबा स्वतः शहाऐंशीचे झाले. नेहमीप्रमाणे उठले, काठी बाकाला टेकवली, ते वाक्य म्हणाले, थोडे थांबले आणि म्हणाले, "मी मात्र अधूनमधून कुरकुर केली." आणि बसले. आकड्यांचं त्या वर्षी राहूनच गेलं.

पण ज्या एका गोष्टीसाठी मी ही वही सोडत नाही, ती म्हणजे 'बाराजणांचं वाचन'. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी ते सुरू केलं. एका सोमवारी त्यांनी हाताने लिहिलेले चार कागद आणून दिले आणि म्हणाले, "नाटक नाही करायचं. फक्त वाचायचं." उत्तर आफ्रिकेत सिली नावाच्या गावचे बारा ख्रिस्ती, सात पुरुष आणि पाच बाया, कार्थेजला प्रांताधिपती सातुर्निनुस याच्यापुढे उभे केले गेले. तारीख १७ जुलै, साल १८०. त्या चौकशीची नोंद उरली आहे. लॅटिनमधल्या ख्रिस्ती लिखाणात एवढी जुनी, तारखेसकट असलेली दुसरी नोंद नाही असं मानतात. सगळी मिळून दीड-दोन पानांची. सिंह नाहीत, चमत्कार नाहीत. विचारलं काय आणि सांगितलं काय, एवढंच.

स्पेरातुस त्यांचा म्होरक्या. तो म्हणतो, मी चोरी केलेली नाही, काही विकत घेतलं तर त्यावरचा कर भरतो. इथे आमचे खजिनदार दर वर्षी मान डोलावतात. मग सातुर्निनुस विचारतो, तुमच्या पेटीत काय आहे? आणि स्पेरातुस सांगतो, पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं.

पहिल्या वर्षी पेटी आणायची राहिली. ऐन वेळी पेटीवाल्या काकांनी आपल्या बाजाच्या पेटीचं खोकं पुढे सरकवलं. "पेटीत काय आहे?" असा प्रश्न झाला आणि पहिल्या रांगेतून एक चिमुरडा ओरडला, "सूर!" सगळे हसले. पाळकसाहेबही हसले. तेव्हापासून तेच खोकं वापरतो. कडेचं रेक्झिन फाटलंय, एक कडी तुटलीय, दुसरी दोऱ्यानं बांधलेली आहे. आत खरोखरच पत्रं असतात, पौलाचीच, जुन्या बायबलच्या सुट्या झालेल्या पानांतली. कोणी बघत नाही, पण असतात.

सातुर्निनुस व्हायला कोणी धजत नव्हतं. मंडळीत सगळ्यांत मवाळ माणूस कोण, तर निवृत्त झालेले एक कारकून दादा. त्यांच्या गळ्यात ते पडलं, आणि ते काम असं करायचं असतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. नोंदीतला सातुर्निनुस दात-ओठ खात नाही. त्याला हे प्रकरण मिटवायचं आहे. सम्राटाच्या दैवाची शपथ घ्या आणि घरी जा, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगतो. शेवटी म्हणतो, तीस दिवसांची मुदत घ्या, विचार करा. दादा हे वाक्य कर्जाच्या हप्त्याला सवलत द्यावी तसं, अगदी कळवळून म्हणायचे. आणि स्पेरातुसचं उत्तर : मी ख्रिस्ती आहे. विचाराला वेळ हवा का, असं आधी विचारलं तेव्हाच त्यानं सांगितलेलं असतं, इतक्या उघड न्याय्य गोष्टीत विचार कसला करायचा. ऐकताना दर वर्षी माझ्या पोटात कालवतं. ओरडणाऱ्याला नाही म्हणणं सोपं, पण दादांसारख्या माणसाला?

बायांची वाक्यं आणखी तोकडी. दोनाता म्हणते, कैसराला कैसर म्हणून मान, पण भय देवाचं. व्हेस्तिया म्हणते, मी ख्रिस्ती आहे. आणि सेकुंदा म्हणते, मी जी आहे, तीच मला राहायचं आहे. सेकुंदा आमच्याकडे अकरा वर्षं एकच बाई वाचत होती. ती कोण ते मी सांगणार नाही, पण तिचं नाव अजूनही कित्येकांना ठाऊक नाही, तिला सेकुंदा मावशीच म्हणतात. घरी तिला देवळात यायची बंदी होती, मारहाणही झाली होती. ती कागद न बघता वाक्य म्हणायची. आवाज चढवायची नाही, उतरवायचीही नाही. भाजीचा भाव सांगावा तसं.

बाराजणांपैकी सहाजणांनाच वाक्यं आहेत. उरलेले सहा, व्हेतुरियुस, फेलिक्स, अक्विलिनुस, लाएतांतियुस, जनुआरिया, जेनेरोसा, पूर्ण चौकशीत तोंड उघडत नाहीत. शिक्षा पुकारताना त्यांची नावं येतात आणि मग सगळे मिळून म्हणतात, देवाचे आभार. लगेच तलवार. मला आधी वाटायचं, हे सहा भरतीचे. आता वाटतं, मी त्यांच्यासाठीच येते. बोलता येत नाही, पुढे यायला लाजतात, पण ओळ सोडून मागे गेले नाहीत. आमच्या मंडळीत अशी माणसं पुष्कळ आहेत. "मागे उभं राहायचं असेल तर येते" म्हणणाऱ्या.

आता हजेरीचं. पहिल्या वर्षी त्रेसष्ट, मग कमी होत होत एका वर्षी एकोणीस. त्यातलेही नऊजण वाचणारे. त्या दिवशी क्रिकेटची फायनल होती. मी रागावले नव्हते असं म्हणणार नाही. वहीत त्या पानावर मी तांबड्या शाईनं आकडा लिहिला आहे आणि तो खोडायचा माझा विचार नाही. पाळकसाहेब म्हणाले, "बाराची नावं मात्र सगळी घ्यायची." मग एकेकानं दोन-दोन नावांना 'हजर' म्हटलं. जनुआरिया आणि जेनेरोसा दोघींसाठी एक सातवीतली मुलगी उभी होती, दोन नावांच्या मध्ये ती एक पाऊल बाजूला सरकली. कोणी सांगितलं नव्हतं तिला.

शब्बाथशाळेची मुलं जपानचा प्रवेश करतात. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीसजणांना क्रुसावर मारलं, क्योटोपासून भर थंडीत चालवत आणून. त्यांतला लुई बारा वर्षांचा, म्हणून त्याच्या कामासाठी दर वर्षी भांडण. मला आवडतो तो नंतरचा प्रसंग. अडीचशे वर्षं पाळक नाही, देऊळ नाही, घरातल्या घरात बाप्तिस्मा आणि तोंडपाठ प्रार्थना. मग १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीतल्या ओउराच्या नव्या देवळात जवळच्या उराकामी गावचे काही लोक आले, आणि एक बाई फादर पेतिजाँ यांच्या कानाशी म्हणाली की आम्हा सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. मारियामातेची मूर्ती कुठे आहे, हेही विचारलं. आमच्यातल्या दोघा वडीलधाऱ्यांनी या वाक्यावर हरकत घेतली होती, आपल्यात मूर्ती कुठून आणता म्हणून. पाळकसाहेबांनी एका वाक्यात मिटवलं, "तिनं जे विचारलं ते विचारलं." एका वर्षी हे काम करणारी पोर इतकं हळू बोलली की मागून "मोठ्यानं!" असा ओरडा झाला. तिनं मागे पाहिलं आणि आणखी हळू म्हणाली. बरोबरच होतं तिचं. भीतीनं पिढ्या काढलेली बाई मोठ्यानं कशी बोलेल?

मध्यंतरी एक वाद झाला होता तोही लिहून ठेवते. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं, लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. हे छळात धरायचं का? तरुणांचं म्हणणं, रक्त सांडलं तरच छळ. सेकुंदा मावशी त्या बैठकीत होती. ती काही बोलली नाही. विषय धरला गेला.

२०१५ पासून प्रार्थनेच्या वेळी लिबियाच्या किनाऱ्यावर मारलेल्या एकवीसजणांची नावं घेतो, वीस इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती मजूर आणि घानाचा मॅथ्यू अयारिगा. उच्चार चुकतात. तरी चिठ्ठ्या वाटून एकेक नाव घेतोच. शेवटचं गीत पेटीशिवाय, ओठांतल्या ओठांत गातो, जिथे मोठ्यानं गाता येत नाही त्यांच्यासोबत म्हणून. तान घ्यायची सवय असलेल्या एका काकांना ते अजून जमलेलं नाही.

आता मदतीला आलेल्यांची आठवण. नावं छापायची नाहीत असं कमिटीचं ठरलंय, म्हणून कामावरून ओळखा. पेटीवाले काका आणि तबल्यावरचा त्यांचा भाचा. देवळाच्या किल्ल्या सांभाळणारे भाऊ, जे तासभर आधी येऊन खिडक्या उघडतात. बाकं हलवणारे तिघे भाऊ, धाकटा आता परगावी असतो पण त्या संध्याकाळी फोन करतो. झेरॉक्सचे पैसे कधीच न घेणारा मुलगा. माइकवाला, त्याच्या माइकसकट. लाइट गेली त्या वर्षी मेणबत्त्या धरून उभ्या राहिलेल्या महिला मंडळाच्या पाचजणी. नाही, सहा. सहावी दाराशी होती, वारा अडवत, तिला मी मागच्या अहवालात विसरले होते आणि तिनं ते मला दोनदा सांगितलं. पहिली भाषांतराची पानं स्वच्छ अक्षरात उतरवून देणाऱ्या निवृत्त बाई. लुईचं काम न मिळाल्यामुळे रडणाऱ्या मुलांना सावरणाऱ्या शब्बाथशाळेच्या दोघी शिक्षिका. फायनल सोडून आलेले ते दोन तरुण, हे मुद्दाम लिहिते. आणि कारकून दादा, जे आता नाहीत. त्यांच्यानंतर सातुर्निनुस त्यांचा मुलगा वाचतो. तो जरा रागावून वाचतो, पण शिकेल.

थोरल्या बाबांची काठी कोणाकडे आहे ते कळलं तर कळवा, त्यांच्या सूनबाई विचारत होत्या.

यंदाच्या याद्या लावल्या आहेत. स्पेरातुस, नार्तझालुस, किट्टिनुस ठरले. सेकुंदासाठी मावशींनी पुतणीला तयार केलंय, स्वतः त्या पहिल्या बाकावर बसणार म्हणतात. फेलिक्स, अक्विलिनुस आणि लाएतांतियुस एकाच घरातले आहेत. जनुआरिया ती सातवीतली मुलगी, आता कॉलेजला जाते. व्हेतुरियुस आणि जेनेरोसा अजून रिकामे आहेत. वाक्य नाही, पाठांतर नाही. नाव पुकारलं की हजर असायचं आणि शेवटी सगळ्यांबरोबर तेवढं एक म्हणायचं. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारच्या आत मला सांगावं.