शरणपूरचे मास्तर मोंबासाला

मिशनरी म्हटलं की आपल्याकडे बाहेरून आलेला गोरा पाद्रीच डोळ्यांपुढे येतो. मी नाशिकची, शरणपूर रोडला लहानाची मोठी झालेली, आणि चोविशीत आमच्या चर्चच्या मंडळीच्या वतीनं केनियात शिकवायला गेले, हे ऐकलं की समोरचा गोंधळतो. मग ठरलेला प्रश्न येतो, "तिथे किती जणांना ख्रिस्ती केलंत?" मोंबासाला मी सातवी-आठवीला गणित शिकवायचे. रविवारी ज्या मुलांना बायबल शिकवायचे त्यांची घराणी चार-चार पिढ्या ख्रिस्ती. आठवड्याच्या वर्गांत मुसलमान मुलंही पुष्कळ होती, किनारपट्टीच ती.

सुरुवातीचे महिने जड गेले. दमट उकाडा, न कळणारी भाषा, संध्याकाळी खोलीत एकटीनं बसणं. मला सांभाळून घेतलं ते शेजारच्या वर्गाच्या बाईंनी. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मधल्या सुटीत डबा उघडून माझ्यापुढे सरकवायच्या. त्यात महाम्री, म्हणजे तळलेली फुगीर गोडसर पोळी, आणि नारळाच्या दुधात शिजवलेली तूर. त्या चवीनं मला घरची आठवण यायची. खाता खाता स्वाहिलीतले आकडे घोकून घ्यायच्या. मी कुठली हे त्यांनी विचारलं आणि नाशिक म्हटल्यावर हातातला घास तसाच राहिला. "माझ्या आईचे पूर्वज नाशिकहून आलेत," त्या म्हणाल्या.

शरणपूरला आफ्रिकन मुलं राहत होती एवढं मी घरी ऐकलं होतं. नीट कळलं ते मोंबासाला. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, सुटका झालेली मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यांतली बरीच नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशन संस्थेच्या वसाहतीत यायची. रेव्हरंड प्राइस यांनी 1854 च्या सुमारास वसवलेलं हेच आपलं शरणपूर. इथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टननं 1866 मध्ये आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेला जाताना यांतले काही तरुण सोबत नेले. तो 1873 मध्ये वारला तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना वाचली नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटनं, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनची शवपेटी वाहणाऱ्यांतही वेनराइट होता.

माझ्या बाईंना वेनराइटपेक्षा दुसरेच जवळचे वाटायचे. 1864 मध्ये जॉर्ज डेव्हिड आणि विल्यम जोन्स हे तरुण नाशिकहून मोंबासाजवळच्या राबाईला गेले, तिथले जर्मन मिशनरी रेबमन यांच्या मदतीला. पुढे 1875 मध्ये मोंबासाजवळच सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअर टाउन वसलं, तिथेही शाळेत शिकवलं ते नाशिककडून गेलेल्या माणसांनी. पगार आणि मान यांवरून गोऱ्या मिशनऱ्यांशी त्यांचे खटके उडाले, ते मला योग्यच वाटतं. राबणारे हे, आणि अहवालात नाव दुसऱ्याचं.

गेल्या डिसेंबरात त्या बाई नाशिकला आल्या. मी आता इथे आठवीला शिकवते. मुख्याध्यापकांची परवानगी काढून त्यांना वर्गात नेलं. त्या इंग्रजीत बोलत होत्या, मी मराठीत सांगत होते. भिंतीवरच्या नकाशात त्यांनी आधी नाशिक शोधलं, मग बोट समुद्रावरून सरळ मोंबासापर्यंत नेलं. पाठीमागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. एकानं विचारलं, "बाई, हे सगळं आपल्या शरणपूर रोडचं?" हो म्हटलं तर त्याचा विश्वासच बसेना. रोज सायकलवरून तो तिथूनच येतो.

मग एका मुलीनं हात वर केला. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. "त्यांना तिकडे पाठवताना, जायचंय का असं कुणी विचारलं होतं का?"

मी मराठीतला प्रश्न इंग्रजीत सांगितला. बाई लगेच बोलल्या नाहीत. खुर्ची ओढून त्या मुलीच्या बाकासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "पळवून नेलं तेव्हा कुणी विचारलं नाही. गलबतातून उतरवून इथे आणलं तेव्हाही नाही. परत पाठवताना काहींना विचारलं असेल, काहींना नसेल. पण तिथे पोचल्यावर शिकवायचं की सोडून जायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. काही गेलेही सोडून. माझ्या आईच्या घरचे राहिले, म्हणून मी मास्तरीण झाले."

हे मराठीत सांगताना माझा आवाज कापत होता. मी स्वतःच्या इच्छेनं गेले होते, परतीचं तिकीट पर्समध्ये होतं आणि दर रविवारी आईचा फोन यायचा. तरी रात्री रडायचे. सेवेसाठी परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे आधीच सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे: जिथे जाल तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम करा, त्यांच्या डब्यातलं खा, आणि तुमच्या आधी तिथे कोण राबलं ते विचारा.

त्या मुलीनं पुढच्या आठवड्यात दोन पानी प्रकल्प लिहून आणला, नकाशासकट. विल्यम जोन्सचं नाव तिनं जाड अक्षरात लिहिलंय. आता आठवीला स्थानिक इतिहासाच्या तासाला शरणपूर आणि फ्रीअर टाउन मी एकत्रच शिकवते.