सहाची खाच

खिडकीला पडदा लावायचा होता. एक दांडा, दोन ब्रॅकेट, प्रत्येकी दोन स्क्रू. म्हणजे भिंतीला मोजून चार भोकं. भोकं पाडणारा माणूस "उद्या येतो" म्हणाला आणि त्याचा उद्या तीन आठवडे लांबला. चौथ्या आठवड्यात मी स्वतःच ड्रिल मशीन घेऊन आलो.

"चार भोकांसाठी?" बायकोने विचारलं.

"कायमची सोय झाली," मी म्हणालो. हे वाक्य पुढे मी बऱ्याचदा म्हटलं.

मशीन इम्पॅक्ट ड्रिल होतं, सोबत बिटांची, म्हणजे भोक पाडणाऱ्या पात्यांची, चपटी डबी. डबीत मिलिमीटरच्या आकड्यांच्या खाचा: चार, पाच, सहा, आठ, दहा. भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची गिट्टी सहाची, म्हणून सहाचा बिट काढला. मशीनच्या तोंडाशी बिट धरणाऱ्या चकमध्ये घालून चावीने तिन्ही बाजूंनी आवळला, खुर्चीवर चढलो आणि खटका दाबला. वरचं प्लॅस्टर लोण्यासारखं गेलं. पेरभर आत गेल्यावर मात्र मशीन नुसतंच किंचाळायला लागलं. मी अंगाचा भार टाकला, तरी काही नाही. पांढऱ्याच्या जागी राखाडी धूळ गळायला लागली, जळका वास आला, आणि बाहेर काढला तर बिटचं टोक निळं पडलेलं.

खिडकीच्या बरोबर वर, जिथे जगातले सगळे पडदे लागतात, तिथे विटा नसतात. तिथे काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असते. हे मला त्या दिवशी कळलं. इम्पॅक्ट ड्रिलच्या पोटात दोन दातेरी चकत्या असतात. त्या एकमेकींच्या दातांवरून उड्या मारत फिरतात आणि बिटला मिनिटाला चाळीसेक हजार टिचक्या बसतात. पण टिचक्याच. विटेला पुरतात, काँक्रीटला त्यांचं सोयरसुतक नसतं. काँक्रीटसाठी वेगळं मशीन असतं, रोटरी हॅमर. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेच्या रेट्याने ठोका बसतो. ठोके कमी, मिनिटाला चार-पाच हजार, पण एकेक ठोका वजनदार. त्याला जोर लावावा लागत नाही, नुसतं धरून उभं राहायचं.

अशा रीतीने दुसरं मशीन आलं. चारही भोकं पाच मिनिटांत झाली. त्याचे बिट वेगळ्या बुडख्याचे असतात, पहिल्या मशीनच्या चकमध्ये बसत नाहीत. त्यामुळे बिटांचीही दुसरी डबी आली.

अशा वेळी इतिहास वाचला की बरं वाटतं. 1895 मध्ये श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने हातात धरायचं विजेवरचं ड्रिल काढलं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली खटका या रचनेचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला मिळालं 1917 मध्ये. आजचं ड्रिलही आपण तसंच धरतो. 1971 मध्ये अपोलो 15 सोबत बॅटरीवरचं ड्रिल चंद्रावर गेलं. अंतराळवीर डेव्हिड स्कॉटला तिथे सुमारे तीन मीटर खोल भोक पाडायचं होतं, आणि ते जेमतेम निम्म्यावर अडलं. त्याच्याही पायाखाली लिंटेल लागला असणार. मी ही गोष्ट बायकोला सांगितली. तिने पडदा कधी लागणार एवढंच विचारलं.

पडदा लागत नव्हता, कारण दांडा दोन बोटं लांब निघाला. घरात लोखंड कापायची करवत होती. पाच मिनिटांचं काम होतं, हे मी आज कबूल करतो. पण दोन मशीनं असलेल्या माणसाचा हात करवतीकडे वळत नाही. फिरत्या चकतीने लोखंड कापणारा ग्राइंडर आला.

या एका यंत्राची मला अजूनही भीती वाटते, आणि ती जावी अशी माझी इच्छा नाही. शंभर मिलिमीटरची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते. गणित केलं तर तिची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते, तुमच्या पोटापासून हातभर अंतरावर. चकतीवरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढून, डोळ्याला चष्मा न लावता ती चालवणारे लोक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो. आणखी एक गंमत: कापायच्या चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर बारीक अक्षरात महिना आणि साल छापलेलं असतं. ती औषधासारखी मुदत असते, कारण चकतीतले कण धरून ठेवणारं रेझिन दमट हवेत कमकुवत होत जातं. मी दहाचा गठ्ठा आणला होता. दांडा कापायला एक लागली, बाकीच्या नऊ बसल्या बसल्या म्हाताऱ्या झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. वायर नको म्हणून बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर आला. तो घेताना अठरा व्होल्टचा घ्यावा की वीसचा, यावर मी दोन रात्री काढल्या. दोन्हींच्या आत तेच पाच सेल असतात. एक कंपनी सरासरी व्होल्ट छापते, दुसरी पूर्ण चार्ज केल्यावरचे. मग घासायचं मशीन आलं. ते का आलं हे आठवत नाही.

आणायला उत्साह लागतो, ठेवायला जागा. ड्रिलसोबत जी प्लास्टिकची पेटी येते ती रचणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचं आहे. आत मशीनच्या आकाराची खाच, हँडलची खाच, आणि वायरला जेमतेम मुठीएवढी जागा. कारखान्यातून येताना वायर तिथे आज्ञाधारकपणे बसलेली असते. एकदा बाहेर काढली की पुन्हा त्या जागेत जात नाही. गुंडाळून, दुमडून, दाबून झालं, की शेवटी पेटीवर गुडघा ठेवायचा. एक कडी लागते, तेवढ्यात दुसरी उघडते. वर्षभराने वायर मशीनच्या तोंडाशी तुटते ती या गुडघ्यामुळे, हे दुरुस्तीवाल्याने सांगितलं. वायर सैल गुंडाळून पेटीबाहेरच राहू द्या, म्हणाला.

बॅटरीचं दुखणं आणखी निराळं. लिथियमची बॅटरी भरून ठेवली तर झिजते, पूर्ण उतरवून विसरलो तर कायमची मान टाकते. तिला निम्मी भरलेली आणि थंड जागी ठेवायची असते. मी सगळं माळ्यावर टाकलं होतं, पत्र्याखाली, उन्हाळाभर. बॅटरी वाचली, पण पूर्वी दिवसभर चालणारी आता दुपारी जेवायला बसते ती उठतच नाही. तेव्हापासून ती कपाटात, स्वेटरांच्या शेजारी असते. बिटांना तेलाचं बोट लावतो, डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. नव्या चपला, औषधाच्या बाटल्या, जिथून पुडी निघेल तिथून मी जमा करतो.

शेवटी एका रविवारी गॅलरीतल्या भिंतीवर प्लायवूड ठोकलं आणि सगळी मशीनं टांगली. त्या फळीसाठी बारा भोकं पडली. माझ्या ड्रिलने एका दिवसात केलेलं ते सर्वांत मोठं काम.

फळी लागली आणि शेजाऱ्यांना दिसायला लागली. मागायला येणाऱ्याला नाही म्हणवत नाही, आणि दिल्यावर चैन पडत नाही. मधल्या मजल्यावरच्या काकांनी एकदा अर्धा तास भिंतीशी झुंजून मशीन परत आणलं. "तुझ्या मशीनमध्ये दम नाही रे," म्हणाले. खटक्यावरचं बटण पाहिलं. उलट्या फिरकीवर होतं.

सहाची खाच लिंटेलच्या दिवसापासून रिकामी होती. सुटा बिट दोनदा आणला. एक लोखंडावर चालवून बोथट केला, दुसरा कुठे गेला ते घरातल्या कोणाला माहीत नाही. चार, पाच, आठ, दहा कोरे करकरीत, आणि सगळं जग मात्र सहाच्या गिट्टीवर टांगलेलं.

मागच्या महिन्यात समोरच्या घरातला मुलगा ड्रिल घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याने पेटी आणून दिली, वायरसुद्धा नीट गुंडाळलेली. रात्री उघडून पाहिलं तर चकमध्ये बिट तसाच होता. सहाचा. टोक टोकदार, बुडख्यावरचा आकडाही अजून न पुसलेला. माझा नक्कीच नव्हता.

मी चावीने चक सैल केला, बिट काढला, पुसला, तेलाचं बोट लावलं आणि खाचेत दाबला. टक् असा आवाज झाला. जिन्यात तो भेटतो, हसतो. अजून त्याने विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.